बैल बाहेर गेलाय

माझ्या टेबलावर बाराही महिने एक लाकडी बैल उभा असतो. वीतभर उंच, चार चाकं, पाठीवर लाल रंगात काढलेली झूल. पोळ्याच्या आधी नागपूरच्या इतवारीत रस्त्याच्या कडेनं असे बैल रांगेनं मांडलेले असतात, त्यातलाच हा. एक शिंग तुटलेलं आहे आणि मागचं एक चाक खिळ्याऐवजी तारेनं बांधलेलं आहे. बैल टेबलावर असला की वर्ग पूर्ण. नसला की कुणीतरी बाहेर गेलंय आणि एवढ्यात येईल.

वर्ग पाहायला आलेल्या एका साहेबांनी त्याच्याकडं बोट दाखवून विचारलं होतं, "काय मॅडम, पोळा संपला नाही का अजून?" मी तोंड उघडायच्या आत पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, "सर, तो पास हाये." साहेब हसले. शेऱ्यात त्यांनी बैलाबद्दल काही लिहिलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो, तो मुलांचा. पोरंसोरं आपापले लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत घरोघरी नेतात आणि घरचे त्यांना बोजारा देतात. बोजारा म्हणजे दहा-वीस रुपये, नाहीतर खाऊ. नागपूरच्या महाल भागातल्या भोसल्यांच्या वाड्यात तर माणसाहून उंच लाकडी बैल आहे. आमचा त्यामानानं वासरूच.

तो टेबलावर कसा आला हे सांगायचं तर आधी माझी एक चूक सांगावी लागते.

मी गेली एकोणीस वर्षं पूर्व नागपुरात प्राथमिकला शिकवते, बहुतेक तिसरी-चौथीला. या एकोणीस वर्षांत माझ्या कानांवर सगळ्यात जास्त वेळा पडलेलं वाक्य कवितेतलं नाही की पाढ्यातलं नाही. "मॅडम, बाहेर जाऊ?" हे ते वाक्य. एकदा मी हजेरीपटामागच्या कागदावर दर वेळी एक रेघ ओढत गेले. मधल्या सुट्टीपर्यंत एकतीस रेघा झाल्या. पटावर मुलं अडतीस. 'बाहेर' म्हणजे लघवी, पाणी, पेन्सिलला टोक, शेंबूड, चौथीतल्या ताईकडून रबर आणणं, आणि पुष्कळदा यातलं काहीच नाही. नव्या शिक्षकाला पहिल्याच वर्षी कुणीतरी मुरलेलं माणूस कानात सांगतं, की एकाला सोडलं तर दहा उठतात. खरंच उठतात. म्हणून मीही नियम केला होता. प्रार्थना झाली की एकदा, मधल्या सुट्टीत एकदा. अधेमधे विचारायचं नाही. वर्ग शांत झाला. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दोघींना माझ्या वर्गाचा दाखला दिला, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

त्या वर्षी तिसरीत एक मुलगा होता. किडकिडा, डोळ्यांत पिवळसर झाक. पाण्याच्या दोन बाटल्या आणायचा आणि मधल्या सुट्टीच्या आतच दोन्ही रिकाम्या करायचा. सारखा हात वर. खेळाच्या तासाला दोन फेऱ्यांत दमून पारावर जाऊन बसायचा. डिसेंबरात पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरला की दोन-दोन दिवस यायचाच नाही. मी मनातल्या मनात त्याच्या नावापुढं 'कामचुकार' असं लिहून मोकळी झाले होते. जानेवारीतल्या एका सकाळी त्यानं तीनदा हात वर केला. मी तीनदा "सुट्टीत" म्हटलं. चौथ्यांदा त्यानं हात वर केला नाही. शेजारचा मुलगा एकदम ओरडत उभा राहिला, आणि जे कुणालाच दिसायला नको होतं ते सगळ्या वर्गाला दिसलं.

हसू थांबवायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. तेवढं पुरलं.

तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी त्याची आई आली. काखेत पिशवी, पिशवीत फाइल. तिनं भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं दाराबाहेर चप्पल काढली, आत आली आणि म्हणाली, "मॅडम, याले सिकल हाये जी. एसएस. मेडिकलची दवाई चालू हाये. डॉक्टरनं सांगतलं, पानी लय पाजा. म्हनून जाते तो घडीघडी. आता लाजून राह्यला. येत नाही म्हनते शाळेत." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "भरतीच्या टायमाले हापिसात कागद देल्ला होता."

कागद होता. ऑफिसच्या कपाटात, जन्मदाखल्याला टाचलेला. माझ्यापर्यंत तो कुणी आणला नव्हता आणि मीही कधी मागितला नव्हता.

सिकलसेल हा शब्द विदर्भात वस्त्यावस्त्यांतून माहीत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायांत, पोटात, छातीत कळा उठतात. आईबाप दोघांकडून दोष आला तर 'एसएस', एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे नुसता वाहक. थंडी, ताप, धावपळ आणि अंगातलं पाणी कमी होणं ही कळा उठायची नेहमीची कारणं. एवढं मलाही ऐकून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की या आजारात मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच कमी होते. त्यामुळं या मुलांना पाणी जास्त लागतं आणि जावंही जास्त वेळा लागतं. मोठी झाली तरी रात्री अंथरूण ओलं होऊ शकतं. डोळ्यांतला पिवळेपणा, दोन फेऱ्यांतला दम, थंडीतल्या गैरहजेऱ्या, सगळं एकाच कागदावर लिहिलेलं होतं. तो मुलगा डॉक्टरनं सांगितलेलं मन लावून करत होता आणि मी त्याला 'शिस्त' लावत होते.

२०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असं त्यात आहे. व्हायलाच हवी. पण माझ्या या मुलाची तपासणी झालेली होती, निदान झालेलं होतं, गोळ्या चालू होत्या. अडलं होतं ते ऑफिसच्या कपाटापासून माझ्या टेबलापर्यंतच्या चाळीसेक पावलांत.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात कलम १७ आहे. मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळ करायचा नाही. मी आजवर एकाही मुलावर हात उचलला नाही, याचा मला कोण अभिमान! कलमाचा दुसरा अर्धा भाग मी प्रशिक्षणात वहीत उतरवून घेतला होता, बस.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, समोर छपरी. तो कोपऱ्यात पाठ करून बसला. काय बोलावं ते मला सुचेना. फडताळावर त्याचा तान्ह्या पोळ्याचा बैल ठेवलेला होता. मी म्हटलं, "हा आमच्या वर्गात आणशील का? मला काम आहे त्याच्याशी." बराच वेळ काही नाही. मग भिंतीकडंच तोंड ठेवून तो म्हणाला, "त्याले बोजारा लागते." मी दहाची नोट काढून बैलापुढं ठेवली. त्याची आई तोंडाला पदर लावून हसली.

सोमवारी तो बैल छातीशी धरून आला. सगळे बैलाकडं पाहत होते, त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. मी वर्गाला नवा नियम सांगितला. बाहेर जायचं असेल तर मला विचारायचं नाही. बैल घ्यायचा, जायचं, आलं की जागेवर ठेवायचा. बैल एकच आहे, तो बाहेर असेल तर थांबायचं. अगदीच घाई असेल तर तसंच जायचं. मालकाला मात्र बैल न घेताही केव्हाही जाता येईल, कारण बैल त्याचा आहे. हे सगळ्यांना पटलं. मालकीहक्क मुलांना फार लवकर समजतो.

पहिल्या आठवड्यात बैलाला उसंत नव्हती. जाऊन येऊन, जाऊन येऊन त्याचं चाक निखळलं. शेजारच्या वर्गाच्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोट्टे डोक्यावर बसतील हो तुमच्या." मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली. तिसऱ्यात बैल तासभर टेबलावर पडून राहू लागला. आधीच्या एकतीस रेघांमधल्या निम्म्याअधिक रेघा जाण्यासाठी नव्हत्याच, विचारण्यासाठी होत्या. मॅडम नाही म्हणते का, दोनदा विचारलं तर काय करते, त्याला हो म्हणते आणि मला का नाही. नाही म्हणणारंच कुणी उरलं नाही, तेव्हा खेळातली मजा गेली.

उरल्या त्या जाण्यांची मी नोंद ठेवायला लागले. चाळीस पानी वही, तारीख, वेळ, कोण. फार काही शास्त्रीय नाही, दूधवाल्याच्या हिशेबासारखं. महिनाभरानं पानं उलटली तेव्हा मात्र बसल्या जागी थबकले.

एक मुलगा रोज भाषेच्या तासाला जात होता. तासाच्या सुरुवातीला नाही, शेवटी नाही, मधोमध. तेव्हा आमच्याकडं प्रकट वाचन चालायचं, बाकाबाकानं एकेक परिच्छेद. हा पाचव्या बाकावर. तिसऱ्या बाकाचं वाचन सुरू झालं की बैल उचलायचा आणि सातव्या बाकाला परत यायचा. हिशेब इतका चोख, की गणितात या मुलाला मी कमी गुण कसे देत होते याचं मला नवल वाटलं.

त्याला मधल्या सुट्टीत जवळ बसवून पुस्तक उघडलं. 'सर्कस'चं तो 'सकर्स' वाचायचा. मराठीतला र हा मोठा बहुरूपी आहे. 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरपा पडतो, 'ट्रक'मध्ये अक्षराखाली टोपी धरून उभा राहतो. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. ज्यांना हे आपोआप येतं त्यांना यात अडण्यासारखं काही दिसतच नाही. आकड्यांचंही तसंच. पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, म्हणून पोर ऐकलं तसं ५२ लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशीही वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. मंगला नारळीकरांसारख्या गणिताच्या जाणकार बाई समितीवर, तरी त्यांना जो तो मराठी शिकवू लागला. त्या वर्षी माझ्याकडं दुसरी होती. टीव्हीवर मराठी बुडत होती आणि माझ्या वर्गात दोन मुलं पहिल्यांदा पंचवीस बरोबर लिहीत होती.

तर हा मुलगा. २०२१ मध्ये निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम आली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलानं समजून वाचावं. हे कुणाला नको आहे? पण ध्येयाला आकडा चिकटतो, तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, आणि आकडा आला की मोबाइलवरचं घड्याळ आलं. मी घड्याळ लावायची आणि ते लावताना त्याचे ओठ पांढरे पडायचे, हे मला वही पाहिल्यावर आठवलं. वाचता न येण्यापेक्षा चारचौघांत न येणं त्याला जड जात होतं. मी त्याला आदल्या दिवशीच दोन ओळी देऊ लागले. 'उद्या एवढ्याच तुझ्या. घरी कुणालाही वाचून दाखव, नाहीतर कोंबडीला दाखव.' सकाळी आधी माझ्या कानात वाचायच्या, मग वर्गात. दोनाच्या चार ओळी व्हायला पुढची दिवाळी उजाडली. दर काही दिवसांनी येणाऱ्या विशेष शिक्षिकेला मी त्याचं वाचन ऐकवलं. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे, त्यामुळं तपासणी, प्रमाणपत्र, परीक्षेत सवलत, सगळी वाट आखलेली आहे. वाट लांब आहे. तोवर पोराला रोज याच बाकावर बसायचं असतं, आणि त्या काळात 'मठ्ठ' हा शब्द त्याच्या कानावर पडू न देणं एवढं तरी माझ्या हातात होतं. वर्षअखेरीला तो भाषेच्या तासाला बैल नेईनासा झाला. चित्रकलेच्या तासाला न्यायला लागला. ते मी शोधायला गेले नाही. पोरगं आहे, उंडारणारच.

जाता जाता आणखी एक कबुली. आमच्या भागात 'ण' फारसा कुणाच्या जिभेवर नाही. एखादं पोर उड्या मारत येतं, "मॅडम, काल आमच्या घरी पाहुने आले!" आणि मी, "पाहुणे." ते म्हणतं, "पाहुणे," आणि जागेवर जाऊन बसतं. कोण पाहुणे, कुठून आले, काय झालं, ते राहूनच जातं. असे किती पाहुणे मी दारातून परत पाठवले असतील. आता मी 'ण' वहीत सुधारते, तोंडात नाही.

सगळ्या गोष्टी बैलानं सुटल्या असं समजू नका. चौथीतला एक मुलगा बैल घेऊन जायचा तो परत यायचाच नाही. मैदानाच्या भिंतीला लाथा मारत बसलेला सापडायचा. वर्गात असला की कुणाच्या तरी पाठीत बुक्की. सोमवारी सगळ्यात जास्त. बाप बांधकामावर, शनिवारी हप्ता मिळायचा आणि रविवारी घरात काय व्हायचं ते सोमवारी माझ्या वर्गात दिसायचं. घरची बोली छत्तीसगढी. शिव्या मात्र तो अस्सल नागपुरी द्यायचा. मी त्याला समजावलं, रागावले, कोपऱ्यात बसवलं, 'दहा आकडे मोज' म्हटलं. तो एकोणीसपर्यंत मोजून मग मारायचा.

जरा कामी आलं ते भलतंच. आमचे शिपाईकाका एकदा वैतागून त्याला म्हणाले, "लय जोर हाये ना अंगात, चाल, माठ भर." दोन कळशा, नळापासून व्हरांड्यापर्यंत सहा खेपा. परत आला तो घामाघूम आणि शांत. मग रोज मधली सुट्टी संपताना माठ भरायचं काम त्याचंच झालं. अंगाला जड काम मिळालं की काही मुलांचं मन खाली बसतं, हे पुढं एका प्रशिक्षणात कळलं. काकांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. दोन महिने बरे गेले. संक्रांतीनंतर त्याच्या वडलांनी टीसी मागितली, छत्तीसगडात भाटापाऱ्याकडं गावी जातो म्हणाले. तीन दिवसांत कुटुंब गेलं. त्या दिवशी माठ कोण भरणार यावर वर्गात भांडणं झाली. तो पुन्हा कुठल्या शाळेत बसला का, कोण जाणे.

शिस्तीचा विषय निघाला की मला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आठवतात. त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढं अनुताई वाघांना घेऊन कोसबाडच्या टेकडीवर. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा त्यांनी मुलांना ओढून आणलं नाही, शाळाच गुरांमागं कुरणात नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. तिथं खऱ्या गुरांमागं शाळा गेली. माझ्याकडं लाकडाचा एक बैल आहे आणि त्याच्यामागं जायला मी इतकी वर्षं लावली. आमचं अर्धं लक्ष तर ऑनलाइन माहितीच्या रकान्यांत आणि निवडणुकीच्या याद्यांत असतं. पण ते रडगाणं आज नको.

पोळ्याच्या सुमाराला आमच्या शहरात मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी, काळी आणि पिवळी, सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे. जुन्या नागपुरातले रस्ते माणसांनी फुलतात. शंभर वर्षांहून जुनी प्रथा आहे. "ईडा पीडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत!" अशी आरोळी देत लोक ती शहराबाहेर नेऊन जाळतात. महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत ज्याचा राग असेल त्याचा बडग्या होतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी, म्हणून दोन दिवस आधी मी वर्गात जुन्या वर्तमानपत्रांची एक मारबत केली. एकेकानं यायचं आणि तिला काय घेऊन जायला सांगायचं ते सांगायचं. मोठ्यानं नको असेल तर कागदावर लिहून तिच्या पोटात टाकायचं. पहिल्यांदा सगळे 'खोकला', 'डास', 'गणित' असं ओरडले. गणिताला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या आणि मी मान तुकवली. मग आवाज बदलला. "आजीचा गुडघा." "बाबाची दारू." हे म्हणणाऱ्याकडं कुणी हसून पाहिलं नाही. शेजारचा म्हणाला, "माझ्या बी बाबाची." एका मुलीनं चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला होता, 'रात'.

त्या चिठ्ठीनं माझी झोप उडवली. मनात नको ते येतं. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मी मुलांना पाठ करून घेतलेला आहे आणि काही वाईट कळलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं, हेही मला ठाऊक आहे. पण आधी कळायला तर हवं. चारचौघांत विचारलं नाही. दोन दिवस तिला बरोबर घेऊन फळा पुसत होते, वह्या लावत होते. तिसऱ्या दिवशी डस्टर झटकताना ती आपणहून बोलली. आई दवाखान्यात आया, रातपाळी. ही आणि पाच वर्षांचा भाऊ, दोघंच. भाऊ झोपला की लाइट बंद करायचा, बिल येतं म्हणून. मग पत्र्यावर मांजर जरी चाललं तरी हिला झोप नाही. म्हणून वर्गात दुपारी डोळे मिटायची, आणि मी दर वेळी "उठ, तोंड धुवून ये" म्हणत होते. मी तिच्या आईला भेटले. तिला दोष द्यायला काही जागाच नव्हती. शेजारच्या आजी रात्री त्यांच्याकडं झोपायला येऊ लागल्या. आजींना घोरायची सवय. "लय घोरते, पन बरं वाटते," असं मुलीनं सांगितलं.

आता शेवटचं, आणि हे मला सगळ्यात उशिरा दिसलं, कारण ते वहीत नव्हतंच.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, सकाळची शाळा सुरू झाल्यावर, पट्टी धरून मी वहीतली नावं मोजत होते. एकोणीस मुली. त्यातल्या अकरा जणींनी जूनपासून एकदाही बैल नेला नव्हता. एकदाही नाही. यातल्या बहुतेकींना मी पालकसभेत 'शहाणी, कध्धी त्रास नाही' असं म्हटलेलं होतं. नागपूरचा मार्च म्हणजे सकाळी नऊलाच ऊन चावतं, आणि यांच्या बाटल्या घरी जाताना भरलेल्या. मी एकीला विचारलं, "पाणी का नाही पीत गं?" ती म्हणाली, "मग जा लागते." मी म्हटलं, "मग जायचं. बैल आहे ना." ती पायाच्या अंगठ्याकडं पाहत राहिली. दुसरी पुढं झाली आणि तिनं सांगितलं. मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नाही. एकीनं बाहेरून दार धरावं लागतं. आणि बैल तर एकच, दोघींनी कसं जायचं?

नियम माझाच होता. एका वेळी एकच.

कडी तुटल्याचा अर्ज आधीच कुणीतरी दिलेला होता आणि तो फिरत होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि चार स्क्रू आणले. पासष्ट रुपये. काकांनी पेचकसनं बसवली, दार थोडं रंध्यानं तासलं, तीनदा लावून उघडून पाहिलं.

सोमवारी मी मुलींना काही सांगितलं नाही. त्यांच्यातली एक पहिल्या तासाला बैल घेऊन गेली. परत आल्यावर मागच्या बाकाशी वाकून काहीतरी कुजबुजली. मधल्या सुट्टीपर्यंत बैल सात वेळा बाहेर गेला. बाटली भरलेली नेणारी ती मुलगी चौथी होती. बैल उचलताना तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी फळ्यावर भागाकार मांडत होते. तारेनं बांधलेलं चाक व्हरांड्यातल्या फरशीवर खडखडत लांब गेलेलं तेवढं ऐकू आलं.